गोळीतली खळ

आमच्या काउंटरवर एक वाक्य दिवसातून पन्नास वेळा तरी बोललं जातं : "काही होत नाही, घ्या." सासऱ्यांनी मिरजेत हे मेडिकल टाकलं तेव्हापासून ते चालत आलंय, आणि गेली 27 वर्षं ते मी बोलतेय. डोकं ठणकतंय, अंग मोडून आलंय, कंबर धरलीय. स्ट्रिप कात्रीनं कापायची, गोळ्या कागदी पाकिटात टाकायच्या, पाकिटावर पेनानं दोन रेघा ओढायच्या, एक सकाळची, एक रात्रीची. काही होत नाही, घ्या. मागच्या फेब्रुवारीत एका बाईंनी हे वाक्य माझ्या तोंडातच अडवलं.

बाई नेहमीच्या. जवळच्या शाळेत शिकवतात, त्यामुळे सगळी गल्ली त्यांना बाई म्हणते आणि त्या मला वहिनी म्हणतात. मुलगी बारावीला, दुसऱ्या दिवशी केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल, आणि पोरगी पाळीच्या दुखण्यानं सकाळपासून पोटाशी उशी धरून पडलेली. मी साधी पॅरासिटामॉल काढून पुढे ठेवली. त्यांनी स्ट्रिप उलटी केली, चष्मा कपाळावर चढवला आणि डोळ्यांपासून चार बोटांवर धरून वाचायला लागल्या. मग म्हणाल्या, "वहिनी, ह्यात गहू नाही न्हवं?"

मला हसू आलं. "अहो बाई, गोळी आहे ती, पुरी नव्हे."

त्या हसल्या नाहीत. पर्समधून एक वही काढली, शाळेत हजेरीला वापरतात तशी लांबट. मुलीला सीलिॲक असल्याचं सहा महिन्यांपूर्वी कळलं होतं. आधी रक्त वाढत नाही म्हणून लोहाच्या गोळ्या झाल्या, मग जंताचं औषध झालं, मग "पोरगी अभ्यासाचं टेन्शन घेते" हेही झालं. शेवटी एका डॉक्टरांनी रक्ताची टीटीजी तपासणी सांगितली, एंडोस्कोपी झाली, आतड्याचा तुकडा तपासला आणि नाव कळलं. गहू, जव, राय यांतलं ग्लुटेन पोटात गेलं की या माणसांचं शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर तुटून पडतं. आतड्याचं अस्तर मखमलीसारखं असतं, ते झिजून सपाट होतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. त्यावर औषध नाही. गहू जन्मभर बंद, एवढाच इलाज.

वहीत बाईंनी दोन रकाने आखले होते, चालेल आणि बंद. बंदच्या रकान्यात पोळी, ब्रेड, रवा, शेवया हे कुणालाही सुचेल असं होतंच. पण खाली लिहिलं होतं : हिंग. मी विचारलं, हिंग कशाला? तर म्हणाल्या, "डबीवर बारीक अक्षरात बघा की. खडा हिंग नसतोय तो, मैदा घालून बांधलेला असतोय." मी घरी जाऊन डबी बघितली. होताच मैदा. इतकी वर्षं वरणाला फोडणी देणाऱ्या मला, शिकलेल्या फार्मासिस्टला, हे एका मराठी विषयाच्या शिक्षिकेकडून कळलं.

तर आता प्रश्न गोळीचा होता. मी स्ट्रिप हातात घेतली. प्रत्येक गोळीत पॅरासिटामॉल आयपी 500 मिलिग्रॅम. त्याखाली दोन शब्द : एक्सिपियंट्स क्यू. एस. मग बॅच नंबर, तारखा, किंमत, लायसन्स नंबर. संपलं.

एक्सिपियंट्स म्हणजे औषध सोडून गोळीतले बाकीचे घटक, आणि क्यू. एस. म्हणजे लॅटिनमध्ये क्वांटम सॅटिस, पुरेसं असेल तेवढं. आपल्याकडे पाककृतीच्या शेवटी "मीठ चवीनुसार" लिहितात त्यातलाच प्रकार. फरक इतकाच की तिथे ते मीठ आहे एवढं तरी कळतं. इथे "काहीतरी, पुरेसं" एवढीच माहिती.

आणि हे काहीतरी काय असतं ते मला पक्कं माहीत आहे, कारण मी ते स्वतःच्या हातानं शिजवलंय. डिप्लोमाला असताना गोळ्या करायचं प्रॅक्टिकल असायचं. पॅरासिटामॉलची भुकटी मोठी हट्टी. नुसती दाबली तर गोळी धरत नाही, वरची टोपी निघून येते. म्हणून तिला बांधायला काहीतरी चिकट लागतं. आम्ही स्टार्च गार पाण्यात कालवायचो, उकळतं पाणी ओतून ढवळायचो, आणि ते पांढरं दूध बघता बघता काचेसारखं पारदर्शक आणि घट्ट व्हायचं. माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी इचलकरंजीची, घरी यंत्रमाग. ती म्हणाली, "अगं, ही तर खळ!" सुताला लावतात ती, पतंगाला आणि पोस्टरला लावतात ती, दुसरं काही नाही. ती खळ भुकटीत मळायची, ओला गोळा चाळणीवर घासून दाणे पाडायचे, ट्रेमध्ये वाळवायचे, पुन्हा बारीक चाळणीतून काढायचे, थोडा सुका स्टार्च, थोडा टाल्क आणि मॅग्नेशियम स्टिअरेट मिसळायचं आणि मशीनवर दाबायचं. गंमत म्हणजे ओला स्टार्च गोळी बांधतो आणि सुका स्टार्च तीच गोळी पोटात फोडतो, कारण पाणी लागलं की तो फुगतो. एकाच वस्तूची दोन उलटी कामं. सरांनी हे सांगितलं तेव्हा मला फार आवडलं होतं. स्टार्च कशाचा हे मात्र कुणी विचारलं नाही. बरणीवर "स्टार्च" लिहिलेलं होतं, पुरे होतं.

स्टार्च मक्याचा असतो, बटाट्याचा असतो, टॅपिओकाचा असतो, तांदळाचा असतो. आणि गव्हाचाही असतो. खळीला मक्याशीच लग्न लावलंय असं नाही.

आता इथे थांबून प्रामाणिक हिशोब मांडायला हवा, नाहीतर उद्या कुणीतरी हा लेख वाचून घरातल्या सगळ्या गोळ्या मोरीत ओतेल. आपल्या देशात औषधांसाठी स्टार्च म्हटलं की बहुतेक वेळा तो मक्याचा असतो. मका मुबलक आहे, स्वस्त आहे, आणि मक्याचा स्टार्च काढणारे कारखाने आपल्याच राज्यात, मिरचीसाठी प्रसिद्ध असलेल्या दोंडाईच्यासारख्या गावातही आहेत. टॅपिओकाचं म्हणाल तर आपला उपासाचा साबुदाणा ज्या तमिळनाडूतल्या सेलमहून येतो तिथे त्याचाही स्टार्च निघतो. गहू महाग, तो खळीसाठी कोण वापरेल?

पण समजा वापरलाच. पॅरासिटामॉलच्या एका गोळीत 100 मिलिग्रॅम स्टार्च धरू, म्हणजे सढळ हातानं धरलं. युरोपच्या औषधकोशात गव्हाच्या स्टार्चमध्ये प्रथिनं 0.3 टक्क्यांच्या वर नसावीत अशी मर्यादा आहे. म्हणजे एका गोळीमागे जास्तीत जास्त 0.3 मिलिग्रॅम. दिवसाला चार गोळ्या घेतल्या तरी सव्वा मिलिग्रॅमच्या आतच. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेनं 2017 च्या मार्गदर्शक सूचनांच्या मसुद्यात असाच हिशोब करून गव्हाचा स्टार्च असलेल्या गोळीतही ग्लुटेन अर्ध्या मिलिग्रॅमच्या आत राहील असं म्हटलंय, आणि मुद्दाम गव्हाचं पीठ घातलेली तोंडानं घ्यायची औषधं त्यांच्या बाजारात असल्याचं आपल्याला माहीत नाही असंही. सीलिॲक असलेल्या बहुतेकांना दिवसाला 10 मिलिग्रॅमच्या आतलं ग्लुटेन सोसतं असं मानतात. आणि 30 ग्रॅम कणकेच्या एका पोळीत ते किती असतं? दोन हजार मिलिग्रॅमच्या वर. तेव्हा डोकेदुखीच्या एका गोळीनं आतडं सपाट होत नाही. हे मी छातीठोकपणे सांगते, आणि बाईंनाही त्या दिवशी साधारण हेच सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग वही उघडून पेन हातात धरून म्हणाल्या, "बरं. मग काय लिहू? चालेल का बंद?"

मी म्हटलं, "बहुतेक चालेल."

"बहुतेक असा रकाना नाही ओ वहिनी."

तिथे माझी 27 वर्षं संपली. ज्या मुलीला मावशीच्या घरी पाण्याशिवाय काही घेऊ नकोस असं शिकवलंय, जिच्यासाठी घरात वेगळा तवा आहे, वेगळं पोळपाट आहे, जी मैत्रिणीच्या वाढदिवसाला डबा घेऊन जाते, तिला "बहुतेक" हा शब्द वापरायला बंदी आहे. तिचं सगळं बरं वाटणं त्या शब्दाच्या बंदीवर उभं आहे. तिच्या आईला मी तोच शब्द देत होते. आणि गोळी एकटी नसते. सीलिॲकबरोबर थायरॉइडचं दुखणं पुष्कळांना असतं, म्हणजे रोज एक गोळी आली. हाडं ठिसूळ, म्हणून कॅल्शियम आलं. रक्त कमी, म्हणून लोह आलं. सांधे आणि डोकं दुखणं हे तर या आजाराचंच लक्षण असू शकतं, म्हणजे ज्यांना दुखण्यावरची गोळी जास्त लागते तेच हे लोक.

त्या रात्री मी दुकानातल्या पॅरासिटामॉलच्या सगळ्या स्ट्रिपा काउंटरवर पसरल्या. नऊ कंपन्यांच्या निघाल्या. भिंगानं वाचल्या. नऊही ठिकाणी क्यू. एस. एका रंगीत गोळीवर रंगाचं नाव मात्र व्यवस्थित छापलेलं. रंग सांगायचा नियम पाळतात, म्हणजे छापायला जागा नाही हे खरं नव्हे. रंग छापतात, खळ छापत नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू केले. पहिल्या कंपनीच्या ग्राहक सेवेतल्या मुलीनं मला तीनदा सांगितलं की आमच्या उत्पादनाचे साइड इफेक्ट नाहीत, आणि चौथ्यांदा विचारल्यावर "मॅडम, आपण डॉक्टरांचा सल्ला घ्या" म्हणाली. मी म्हटलं, बाळ, डॉक्टर मलाच विचारतात. दुसऱ्या ठिकाणी ईमेल करायला सांगितलं. अकरा दिवसांनी उत्तर आलं, इंग्रजीत, वकिलानं लिहिल्यासारखं : आमच्या माहितीप्रमाणे यात ग्लुटेन नाही, तथापि याची हमी देता येत नाही. बाईंच्या वहीत ह्याचा रकाना कुठला? तिसऱ्या कंपनीत नशिबानं फोन थेट कारखान्यातल्या कुणाकडे तरी गेला. मागे मशीनचा आवाज येत होता. त्या माणसानं विचारलं, "बॅच नंबर सांगा," आणि दोन मिनिटांनी म्हणाला, "मेझ स्टार्च, मॅडम. बायंडरला पण तोच." इतकं सोपं होतं ते. उत्तर कारखान्यात असतंच. प्रत्येक बॅचची पानंच्या पानं नोंद ठेवावी लागते, त्यात खळीच्या पोत्याचा नंबरसुद्धा असतो. फक्त ते स्ट्रिपपर्यंत पोचत नाही.

त्या माणसानं आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला माहीत होती पण ह्या कोनातून कधी सुचली नव्हती. एकाच नावाची गोळी वर्षभर एकाच कारखान्यात बनत असेल असं नाही. स्ट्रिपवर "मार्केटेड बाय" एक असतं आणि "मॅन्युफॅक्चर्ड बाय" दुसरंच, हिमाचलात बद्दीला नाहीतर सिक्कीमला. पुढच्या वर्षी कंत्राट बदललं की खळही बदलू शकते. म्हणजे कष्टानं मिळवलेलं उत्तरसुद्धा हातातल्या बॅचपुरतं.

मधल्या काळात त्या मुलीचं काय झालं ते सांगायचं राहिलं. त्या फेब्रुवारीत तिला मी लहान मुलांचं सिरप दिलं. पाच मिलिलिटरमध्ये 250 मिलिग्रॅमवालं, म्हणजे दहा मिलिलिटर घेतलं की मोठ्या माणसाची एक गोळी होते. सिरपला खळ लागत नाही, त्यात साखर, सॉर्बिटॉल, ग्लिसरीन असलं काहीबाही असतं. चव स्ट्रॉबेरीची. बारावीची मुलगी, बाटलीवर हसऱ्या अस्वलाचं चित्र, सोबत प्लास्टिकचं टोपण मापाला. बाई नंतर म्हणाल्या, पोरगी आधी रडली आणि मग हसत सुटली. प्रॅक्टिकलला गेली. अजूनही तिच्या दप्तरात ती अस्वलाची बाटली असते, आणि होस्टेलला गेल्यावर मैत्रिणींसमोर काय करायचं ही तिची चिंता आहे. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांतही सहसा स्टार्च नसतो, पण सोडियम भरपूर असतं, त्या रोज चालणाऱ्यातल्या नव्हेत. बाम, मलम, स्प्रे यांची भीती बाळगायचं कारण नाही, ते कातडीवर लावायचं असतं. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांना तिच्या डॉक्टरांनीच आतडं भरून येईपर्यंत थांबा म्हटलंय. आणि सिरप गोड लागतं म्हणून जास्त घेऊ नये, पॅरासिटामॉल दिवसाला 4 ग्रॅमच्या वर गेलं तर यकृताची वाट लागते, मग खळ कशाची का असेना.

आमच्या दीरांचा मुलगा मँचेस्टरला असतो. दिवाळीला आला तेव्हा मी त्याला तिकडची साधी पॅरासिटामॉल आणायला सांगितली होती. तो म्हणाला, काकू, तुझं मेडिकल आहे आणि तू माझ्याकडे पॅरासिटामॉल मागतेस? 16 गोळ्यांचं पाकीट आणलं. तिकडे किराणा दुकानात एका पाकिटात 16 च्या वर मिळत नाहीत, 1998 पासूनचा नियम, लोकांनी जिवाचं बरंवाईट करू नये म्हणून. आत घडीचा कागद. त्यात सहाव्या मुद्द्याखाली बाकीच्या घटकांची नावं एकाखाली एक, आणि मक्याचा स्टार्च असं स्पष्ट. युरोपात तर औषधात गव्हाचा स्टार्च असला तर ते लिहावं लागतं आणि एका गोळीत ग्लुटेन किती मायक्रोग्रॅमच्या आत आहे तेही. अमेरिकेत प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळणाऱ्या गोळीच्या डबीवरच बाकीच्या घटकांची यादी असते. त्यांचंही सगळं सोन्याचं नाही. तिथे औषधांवर ग्लुटेनचा उल्लेख सक्तीचा करायचं विधेयक ओहायोच्या टिम रायन यांनी काँग्रेसमध्ये पुन्हा पुन्हा मांडलं, पण त्याचा कायदा झाला नाही. पण यादी तरी आहे. आणि मला जे खुपतं ते हे की आपल्याकडच्या कारखान्यांतून गोळ्या त्या देशांत जातात तेव्हा त्यांच्याबरोबर तो घडीचा कागद जातो. मँचेस्टरच्या माणसाला खळ कशाची ते सांगायचं आणि मिरजेच्या माणसाला पुरेशी आहे म्हणायचं.

आपल्याकडे कायदाच नाही म्हणावं तर तेही नाही. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर "गहू आहे, दूध असू शकतं" हे छापावं लागतं. अन्नाच्या लेबलांबद्दल 2020 चे नियम आहेत, त्यात ग्लुटेन असलेली धान्यं, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, सोयाबीन यांची नावं सांगणं बंधनकारक आहे. ग्लुटेन-फ्री म्हणायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत हवं हेही ठरलेलं आहे. जिथे गहू आहे हे शेंबड्या पोरालाही कळतं त्या बिस्किटावर ते छापलेलं, आणि जिथे कुणालाच कळणार नाही त्या गोळीवर नाही. औषधांचा कायदा 1940 चा, नियम 1945 चे. त्यातल्या शेड्यूल के प्रमाणे हजाराच्या आतल्या वस्तीच्या गावात ॲस्पिरिन, पॅरासिटामॉल यांसारखी घरगुती औषधं परवाना नसलेला दुकानदारही काही अटींवर विकू शकतो. चांगलीच सोय आहे ती. पण त्या किराणावाल्याला कुणी विचारलं की ह्यात गहू आहे का, तर तो माझ्यासारखा डिप्लोमाच्या आठवणी काढत बसणार नाही. तो स्ट्रिपच वाचणार.

2023 च्या ऑगस्टपासून सर्वाधिक खपाच्या 300 ब्रँडवर क्यूआर कोड आला. तेव्हा मला वाटलं, झालं काम. मोबाइल धरला की सगळं दिसेल. त्या अधिसूचनेत आठ गोष्टी आहेत : ओळख क्रमांक, औषधाचं मूळ नाव, ब्रँडचं नाव, कंपनी आणि पत्ता, बॅच, बनल्याची तारीख, मुदत, लायसन्स. यातलं बहुतेक सगळं कोडच्या शेजारी छापलेलं असतंच. नकली गोळी पकडायला तो कोड उपयोगी असेल, मला मान्य. पण जे छापलेलं नाही ते सांगायला ह्याहून चांगली जागा कुठली होती?

माझं मागणं त्यामुळे अगदी बारीक आहे. गोळ्या बदला म्हणत नाही, किंमत वाढेल असं काही म्हणत नाही. जिथे क्यू. एस. आहे तिथे किंवा त्या कोडच्या आत बाकीच्या घटकांची नावं लिहा, आणि स्टार्च असेल तर त्याच्या मागे एक शब्द लिहा : मका, बटाटा, टॅपिओका, गहू. दुधाची साखर म्हणजे लॅक्टोज असेल तर तेही. कारण ज्याचं आतडं सोललेलं आहे त्याला नव्यानं निदान झालेल्या दिवसांत दूधही पचत नाही. 2019 मध्ये बोस्टनच्या जोव्हानी ट्रॅव्हर्सो या डॉक्टरांच्या गटानं तोंडानं घ्यायच्या औषधांचा अभ्यास छापला, तेव्हा सुमारे 45 टक्के औषधांत लॅक्टोज निघालं होतं. त्या अभ्यासाचं निमित्त काय होतं? त्यांचा सीलिॲक असलेला एक रुग्ण त्यांनीच दिलेल्या गोळीनंतर बरा व्हायच्या ऐवजी बिघडला. डॉक्टरांना आपण लिहिलेल्या गोळीत काय आहे ते माहीत नव्हतं. मला ते वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मला माहीत आहे ह्यावर काय म्हणतील. एवढ्या मोठ्या देशात हे थोडक्या लोकांचं कौतुक कशाला? थोडके आहेत हेही पूर्ण खरं नाही. 2016 च्या एका मोठ्या पाहणीत उत्तर भारतात शंभरात एकाहून थोडे जास्त निघाले, ईशान्येला त्याहून कमी, दक्षिणेत हजारात एक. दक्षिणेत गहू कमी खातात. आपण मिरजकर सकाळी भाकरी आणि रात्री पोळी, दोन्हीच्या मधले. रेशनवर गहू आल्यापासून पोळीकडे जास्तच झुकलोय. म्हणून इथे रोज एक नाही, पण वर्षाला एक-दोन तरी काउंटरवर येतात, आणि बहुतेकांना आधी पाच-सात वर्षं कुणीतरी "पित्त असेल" म्हणून सांगितलेलं असतं. त्या सांगणाऱ्यांत मीही असणार.

सीलिॲक असलेल्यांचं नुकसान करणारे आणखीही काही लोक आहेत, आणि ते माझे गिऱ्हाईकच आहेत म्हणून जरा जपून लिहिते. वजन उतरवायला ग्लुटेन-फ्री बिस्किटं मागणारे. दोनशे रुपयांचा पुडा नेतात आणि संध्याकाळी पावभाजीच्या गाडीवर दिसतात. त्यांच्यामुळे झालंय असं की लग्नाच्या पंगतीत ही मुलगी पुरी नको म्हणाली की आत्याबाई म्हणतात, "असूदे गं, एका दिवसानं काय होतंय, आमच्या सुनेचंपण असंच फॅड आहे." आणि मेडिकलमध्ये आई विचारते तेव्हा मी म्हणते, गोळी आहे ती, पुरी नव्हे. आत्याबाईंत आणि माझ्यात त्या दिवशी फरक काय होता?

सध्या मी एक काम करते. ज्या तीन गोळ्यांबद्दल कारखान्याकडून लेखी कळलंय त्यांच्या खोक्यावर मार्करनं "मका" असं लिहून बॅच नंबर आणि तारीख टाकते. नवा माल आला की पुन्हा फोन. त्याचा परिणाम असा की परवा एका म्हाताऱ्या आजोबांनी विचारलं, "पोरी, मक्याची गोळी निघालीय व्हय? गुडघ्याला चालंल का?" त्यांना समजावण्यात दहा मिनिटं गेली आणि शेवटी त्यांनी तीच नेली.

गेल्या आठवड्यात एक नवा एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, आला. टाय, बॅग, गुळगुळीत माहितीपत्रक, त्यांच्या कंपनीची पॅरासिटामॉल कशी लवकर विरघळते याचा आलेख. दहावर एक स्कीम. मी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाळ, लवकर विरघळते ती कशामुळे? खळ कशाची आहे?" तो माहितीपत्रक पुढून बघायला लागला, मग मागून. मग खिशातून स्वतःचं कार्ड काढून त्याच्या पाठीमागे काहीतरी लिहिलं. मी वाकून बघितलं. "खळ?" असं लिहून त्याखाली दोनदा रेघ मारली होती. "सोमवारी सांगतो, मॅडम," म्हणाला. मी ऑर्डर तोपर्यंत लिहिलेली नाही.